वजन उतरलं, क्रिएटिनिन उतरलं, तरी बाबांची किडनी सुधारली असं मी म्हणणार नाही

ताई, तुमचं पत्र आणि सोबतचे सगळे रिपोर्ट नीट पाहिले. इतर वाचकांसाठी आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. बाबांचं वय ७२, उंची १६५ सेंटिमीटर, मधुमेह आणि बीपी जुनं. चार महिन्यांपूर्वी क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो एक टाकाऊ पदार्थ) १.३ आलं, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज, जितका जास्त तितका चांगला) ५८, लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं प्रमाण १४० आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. ‘वजन उतरवा, नाहीतर किडनी जाईल’ असं कुणीतरी बजावलं आणि घरच्यांनी ते फारच मनावर घेतलं. डाळ बंद, अंडी बंद, रात्री दुधीचं सूप आणि पपई. वजन ७१ वरून ६६ किलोवर आलं. परवाच्या रिपोर्टात क्रिएटिनिन १.१ आणि ईजीएफआर ७१. घरात सगळे खूश आहेत. तुम्हाला एकटीलाच खटकतंय, कारण बाबा आता सोफ्यावरून उठताना हाताचा टेकू घेतात, पायजमा मांड्यांवर सैल झालाय आणि पोट मात्र होतं तेवढंच आहे.

तुमची शंका अगदी बरोबर आहे, आणि तुम्ही वेळेत विचारलंत याचं मला फार बरं वाटलं.

क्रिएटिनिन तयार होतं ते मुख्यतः स्नायूंमध्ये. स्नायू रोज थोडं क्रिएटिनिन रक्तात सोडतात आणि किडनी ते गाळून बाहेर टाकते. म्हणजे रक्तातला आकडा दोन गोष्टींवर ठरतो: किडनी किती गाळते आणि स्नायू किती बनवतात. ईजीएफआर हा काही वेगळा मोजलेला आकडा नसतो. प्रयोगशाळा क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष एवढंच सूत्रात घालते आणि उत्तर छापते. समोरच्या माणसाच्या मांड्या भरलेल्या आहेत की हाडाला चिकटल्यात, हे त्या सूत्राला कळत नाही. बाबांचे स्नायू झिजले, त्यात डाळ-अंडी बंद झाली, म्हणून क्रिएटिनिन कमी बनलं, म्हणून आकडा उतरला. किडनीचं काम खरोखर वाढलं असतं तर लघवीतून जाणारं अल्ब्युमिनही बहुधा कमी झालं असतं. तुमच्या रिपोर्टात ते १४० वरून १३५ झालंय, म्हणजे जिथल्या तिथेच, कारण दिवसागणिक एवढा फरक तर सहज पडतो. कमरेचा घेर ४० इंचांवरून ३९ झाला, असं तुम्ही लिहिलंय. पाच किलो वजन गेलं आणि पोटावरचा एकच इंच गेला, याचा अर्थ त्या पाच किलोंमध्ये मांसाचा वाटा बराच मोठा आहे.

माझ्याकडे येणाऱ्या वयस्क रुग्णांमध्ये हे चित्र मी नेहमी पाहतो आणि दर वेळी जीव तुटतो, कारण घरच्यांनी सगळं प्रेमापोटीच केलेलं असतं. साठीनंतर सहा महिन्यांत वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त घट झाली तर आम्ही तिला कुपोषणाची खूण मानतो. बाबांची घट ७ टक्के आहे. तिशीतल्या माणसाने चार महिन्यांत पाच किलो उतरवले तर त्याची पाठ थोपटू. बहात्तरीत तसं करता येत नाही, कारण या वयात गेलेलं वजन परत आलं तरी ते बहुतेक चरबी म्हणून परत येतं. मांस सहज भरून येत नाही.

आता दुसरी बाजू, कारण ‘वजन उतरवा’ म्हणणाऱ्याचंही पूर्ण चुकलेलं नाही. पोटातली चरबी किडनीला त्रास देते, हे खरंच आहे. कातडीखालची, मांड्यांवरची, नितंबांवरची चरबी बरीचशी निरुपद्रवी असते. आतड्यांभोवती, यकृतात आणि खुद्द किडनीभोवती साठलेली चरबी मात्र स्वस्थ बसत नाही. ती दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडते, इन्सुलिनचा असर कमी करते, शरीरात मीठ धरून ठेवायला लावणारी यंत्रणा चालू ठेवते आणि त्यामुळे बीपी चढतं. किडनीच्या खोबणीत साठलेली चरबी तिथल्या शिरांवर दाबही टाकते. मोठ्या शरीराचं आणि वाढलेल्या दाबाचं काम निभवायला किडनीच्या गाळण्या सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त गाळतात. तीन एचपीच्या मोटरवर पाच एचपीचं काम लादल्यासारखं होतं: पाणी येत राहतं, म्हणून शेतकऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे, आणि आत वाइंडिंग तापत असतं. पुढे गाळण्यांची जाळी सैल होते आणि अल्ब्युमिन लघवीत उतरायला लागतं. हे प्रमाण ३० च्या आत हवं. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली, ३०० च्या वर म्हणजे गंभीर. बाबांचं १३५ आहे. मधुमेह आणि बीपीचा त्यात मोठा वाटा आहे, पण पोट त्या दोघांनाही खतपाणी घालतं.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, बघून या गोष्टी कळत नाहीत. बाबांचा बीएमआय आज २४.२ आहे, अनेक तक्त्यांत तो सरळ ‘नॉर्मल’ रकान्यात बसेल. आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरायचा, असं भारतीय तज्ज्ञांनी ठरवलंय, ते याचसाठी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो आम्हा डॉक्टरांमध्ये प्रसिद्ध आहे. २००४ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. फोटोत ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. याज्ञिकांच्याच अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं सरासरी २.७ किलोंची निघाली, इंग्लंडमधली ३.५ किलोंची. आपली बाळं हडकुळी असूनही अंगावरची चरबी मात्र त्यांनी राखलेली होती. कमी वजनाने जन्मलेल्या बाळाला किडनीच्या गाळण्याही कमी मिळतात आणि जन्मानंतर नव्या बनत नाहीत. बाबांच्या पिढीचा जन्म पन्नाशीच्या दशकातला. विदर्भातल्या खेड्यांत तेव्हा जन्मलेल्या किती जणांचं वजन कुणी केलं असेल? म्हणून या पिढीच्या पोटाकडे मी जास्त काळजीने पाहतो. मुळात भांडवल कमी, आणि उतारवयात वरून पोटाचा भार.

तर करायचं काय? पोट कमी करायचं, मांस राखायचं, आणि आज या घडीला आधी मांस.

पुढचे दोन महिने बाबांचं वजन उतरवण्याचा प्रयत्न पूर्ण थांबवा. डाळ आजच सुरू करा. किडनीच्या रुग्णाने प्रथिनं बंद करायची, ही समजूत घराघरांत रुजलीय. बाबांच्या टप्प्यावर ती लागूच नाही. त्यांना दर किलो वजनामागे रोज ०.८ ते १ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, म्हणजे ५३ ते ६६ ग्रॅम. जिममध्ये जाणारी मुलं खातात तितकी अर्थातच नकोत, आणि डब्यातली पावडर तर नकोच. साध्या जेवणात हे बसतं: सकाळी दोन उकडलेली अंडी, दोन्ही वेळेला वाटीभर घट्ट वरण, दिवसभरात तीन-चार पोळ्या, एक कप दूध, वाटीभर दही, दुपारी मूठभर फुटाणे. अंडी चालत नसतील तर मुगाचं धिरडं किंवा थोडं पनीर. वरण घट्ट हवं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला ‘पचायला हलकं’ म्हणून वरणाचं पाणी वाढतात, त्यात काही नसतं. आणि सगळी प्रथिनं रात्रीच्या ताटात नकोत, सकाळी काही तरी ठोस पोटात जाऊ द्या. चहा-टोस्टवर अकरा वाजवणारी वडीलधारी मंडळी मी रोज पाहतो.

यात एक गोष्ट घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. बाबा नीट खायला लागले, मांस भरू लागलं की क्रिएटिनिन पुन्हा १.२, १.३ होऊ शकतं. घाबरून पुन्हा डाळ बंद करू नका. अल्ब्युमिन वाढत नसेल आणि बीपी ताब्यात असेल तर तो आकडा त्यांचा खराच आकडा आहे, सध्याचा १.१ हा फसवा.

कात्री लावायची ती इतर जागी. चहातली साखर, बिस्किटं, फरसाण, संध्याकाळचा समोसा. तर्री पोहे बंद करा असं मी नागपुरात राहून सांगणार नाही, पण तर्रीतले चणे घ्यायचे आणि वरचा तवंग घ्यायचा नाही, एवढं बाबा नक्की करू शकतात. सावजीचंही तेच: मटणाचे दोन-तीन तुकडे खा, रस्सा ओरपू नका. एका मोठ्या चमच्याभर तेलात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात आणि रश्श्यावर असे किती चमचे तरंगतात ते डोळ्यांनी दिसतं. मीठ दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर. लोणचं, पापड, कुरडई, सांडगे यांतूनच ते संपतं. दुकानात ‘कमी सोडियमचं मीठ’ मिळतं, ते बाबांसाठी आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि बाबा टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी घेतात. किडनी थोडी मंदावलेली आणि वरून ही गोळी, अशात रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं.

संत्र्यांबद्दल तुम्ही विचारलंय. बाबांचं पोटॅशियम ४.४ आहे, त्यामुळे हंगामात रोज एक संत्रं खुशाल खाऊ द्या, फोडी करून, ज्यूस काढून नाही. कमरख (स्टार फ्रूट) मात्र अजिबात नको. किडनी कमजोर असलेल्याला ते फळ मेंदूपर्यंत बाधतं.

खाण्याइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे ताकदीचा व्यायाम. बाबा रोज सकाळी अंबाझरीला फेरी मारतात, ती सोडू नका, बीपीला आणि साखरेला तिचा उपयोग आहे. पण चालण्याने मांडीत मांस भरत नाही. घरच्या बिनहाताच्या खुर्चीवर बसवा, दोन्ही हात छातीवर दुमडून पाच वेळा उठायला-बसायला सांगा आणि मोबाइलवर वेळ लावा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पायातली ताकद कमी आहे. हीच तपासणी आणि हाच व्यायाम. सुरुवातीला हाताचा आधार घेऊन आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. आधार हळूहळू सोडायचा. त्याच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस पाण्याच्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन वर उचलणं, भिंतीला हात टेकून दंड, ओट्याला धरून टाचा उचलणं. शेजारी कुणीतरी उभं असावं. बाबांना व्यायाम म्हटलं की संकोच वाटतो, हे तुम्ही लिहिलंय. टीव्हीवरच्या बातम्यांच्या ब्रेकमध्ये करायला सांगा, माझ्या अनेक काकाजींना ते जमलंय.

पोट मोजायचं कसं, हे सविस्तर लिहितो, कारण इथे बहुतेक जण गफलत करतात. ‘कंबर किती?’ विचारलं की पुरुष पॅन्टचा नंबर सांगतात. पॅन्ट बांधली जाते पोटाच्या खाली. एकजण मला ठामपणे ३४ म्हणाले, टेप लावली तर ४१ निघाले. उभं राहायचं, शर्ट वर करायचा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड बोटाने चाचपायचं आणि दोघांच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरायची. श्वास सहज सोडल्यावर वाचायचं. पोट आत ओढायचं नाही, टेप कातडीत रुतवायची नाही. आपल्याकडे पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईचा ८० च्या आत हवा. बाबांचे ३९ इंच म्हणजे ९९. वर्षभरात दोन-तीन इंच कमी झाले आणि वजन साधारण आहे तिथेच राहिलं, तर मी त्याला उत्तम निकाल म्हणेन. जिममधल्या चरबी मोजणाऱ्या यंत्रावर पैसे घालवू नका, पाणी कमी-जास्त प्यायल्यानेही त्याचे आकडे हलतात.

औषधांचं बोलू. टेल्मिसार्टन चालू ठेवा, लघवीतली गळती कमी करण्यासाठीच ते आहे. तुमच्या चिठ्ठीत डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची, किडनीलाही जपणारी गोळी दिसली नाही. अल्ब्युमिन जात असलेल्या मधुमेही रुग्णाला या गटातली गोळी द्यावी की नाही, हे तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या डॅपा-सीकेडी चाचणीत डॅपाग्लिफ्लोझिनने किडनी बिघडण्याचा धोका ठळकपणे कमी झाला होता, मधुमेह नसलेल्यांतही. आता ही गोळी जेनेरिक मिळते, खिशालाही परवडते. पण बाबा पोटभर जेवायला लागल्यावरच सुरू करायची. अर्धपोटी माणसाला हिच्यामुळे साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं. सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर थोडा खाली येतो. तो अपेक्षितच असतो, त्यासाठी गोळी बंद करायची नसते.

तुमच्या भावाने साखर आणि वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनबद्दल विचारलंय. औषध चांगलं आहे. २०२४ च्या फ्लो चाचणीत मधुमेह आणि किडनीविकार दोन्ही असलेल्या रुग्णांमध्ये किडनीच्या मोठ्या घटना त्याने २४ टक्क्यांनी कमी केल्या. पण ते भूक मारतं आणि उतरणाऱ्या वजनात मांसही असतं. ज्यांच्या मांड्या आत्ताच उतरल्यात, त्यांना आज ते देणं मला पटत नाही. सहा महिन्यांनी ताकद परत आली आणि पोट हललं नाही, तर तेव्हा विचार करू.

उन्हाळ्याची एक सूचना फ्रिजवर चिकटवून ठेवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि ऊन लागून, उलट्या-जुलाब होऊन क्रिएटिनिन एकदम चढलेले वृद्ध या दिवसांत रांगेने येतात. खाणं-पिणं सुटलं, जुलाब लागले, ताप चढला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, लघवीची गोळी आणि डॅपाग्लिफ्लोझिन यांतली कोणती तात्पुरती थांबवायची ते विचारा. जेवण सुरू झालं की गोळ्याही परत सुरू. एरवी रोज चार-पाच लिटर पाणी जबरदस्तीने पाजण्याने किडनी ‘धुतली’ जात नाही. तहान लागेल तसं, आणि लघवी फिकट पिवळी राहील इतकं पुरे. ‘किडनी साफ करणारी’ भस्मं आणि काढे कृपा करून आणू नका, कुणीही कितीही खात्री दिली तरी.

तपासण्या मोजक्याच. एकदा रक्तातल्या सिस्टॅटिन-सी या प्रथिनाची तपासणी करून घ्या. ते शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी बनवतात, स्नायूंवर ते अवलंबून नाही, त्यामुळे क्रिएटिनिनसोबत पाहिलं की खऱ्या कामाचा अंदाज येतो. थायरॉइड बिघडलेलं असेल किंवा स्टेरॉइड चालू असेल तर तोही आकडा चुकतो आणि लठ्ठपणातही थोडा वर जातो, म्हणून एकट्या त्याच्यावर भिस्त नको. अल्ब्युमिन तीन महिन्यांनी परत, सकाळच्या पहिल्या लघवीवर. ताप किंवा लघवीचा संसर्ग असेल तर ते बरं झाल्यावर. बीपी घरी मोजा, आठवड्यातून दोन दिवस, पाच मिनिटं शांत बसवून. आणि बाबा रात्री मोठ्याने घोरतात, मध्येच श्वास अडकतो का ते आईला विचारा. पोट सुटलेल्यांत हा त्रास वरचेवर असतो आणि बीपी खाली न येण्याचं ते एक कारण असतं.

शेवटी आईंबद्दल. त्या ६८ वर्षांच्या, वजन ७४ किलो, आणि घरात सगळे त्यांनाच ‘आधी तू बारीक हो’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना बोलणं थांबवा. त्या दोन जिने चढतात, घरचं सगळं काम ओढतात, साखर आणि बीपी ठीक आहे. त्यांचं वजन बरंचसं मांड्या-नितंबांवर आहे, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. घेर मोजा, तो ८० च्या वर निघेलच, तर तळण-गोड कमी आणि खुर्चीचा व्यायाम बाबांसोबत, उपाशी राहणं नाही. त्यांच्या बाबतीत मला काळजी वेगळीच आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की गुडघ्यांसाठी त्या ‘एक गोळी’ रोज घेतात, मेडिकलवाल्याकडून आणलेली. ती डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक किंवा त्याच जातीतली असेल तर त्यांच्या किडनीला पोटापेक्षा त्या गोळीचा धोका जास्त आहे. आईंची लघवी आणि क्रिएटिनिन आजवर कधीच तपासलेलं नाही. ते याच आठवड्यात करून घ्या, दुखण्यासाठी तूर्त पॅरासिटामॉल आणि शेक चालू द्या, आणि गोळीच्या पाकिटावरचं नाव आणि ती किती महिन्यांपासून चालू आहे, एवढं मला कळवा.